सेमी-हॉलो गिटार : निवड, सेटअप आणि एफ होलातून करायची दुरुस्ती

खर्जातला_सा (धागाकर्ता)

सेमी-हॉलोवरचे, म्हणजे अर्धपोकळ बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारीवरचे प्रश्न गिटारच्या निरनिराळ्या धाग्यांत विखुरलेत, ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. 'पिकअप (तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) कुठला टाकू?' हा प्रश्न कृपया शेवटी ठेवा. बहुतेक तक्रारी नट (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी), ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार), पॉट (नॉबखालचा रोधक) आणि जॅक (केबल लावायची जागा) यांच्यापाशीच मिटतात.

आधी रचना. गिब्सनची ईएस-३३५ आली १९५८ साली, टेड मॅकार्टी कंपनीचे अध्यक्ष असताना. त्याआधीच्या पोकळ इलेक्ट्रिक गिटारी ॲम्पचा आवाज वाढवला की घुमायच्या, आणि सॉलिड, म्हणजे भरीव बॉडीत पोकळीचा तो मोकळा सूर नव्हता. यावर तोडगा म्हणून मेपल-पॉप्लर-मेपल अशा थरांचा प्लाय कमानदार दाबून बॉडी केली आणि तिच्या मधोमध, नेकपासून टेलपीसच्या (तारांची मागची टोकं अडकवायच्या भागाच्या) मागेपर्यंत, मेपलचा ठोकळा बसवला. कमान वाकडी, ठोकळा सपाट. मधली फट स्प्रूसच्या पट्ट्यांनी भरली. पिकअप, ब्रिज, टेलपीस सगळं या ठोकळ्यावर. पोकळ राहतात ते फक्त दोन बाजूचे पंख. बॉडीची रुंदी १६ इंच, कडेची जाडी सुमारे ४१ मिमी, स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) पावणेपंचवीस इंच, म्हणजे साधारण ६२८ मिमी.

दिसायला तशाच पण आतून वेगळ्या गिटारी पुष्कळ आहेत. एपिफोन कॅसिनो (१९६१) हुबेहूब भावंड वाटते, पण तिच्यात ठोकळाच नाही, ती पूर्ण पोकळ, दोन पी-९० (एका वेटोळ्याच्या) पिकअपची. फेंडरची टेलीकास्टर थिनलाइन (१९६८) प्लायची नाही, भरीव लाकूड आतून कोरून केलेली. रिकनबॅकर ३३० हीसुद्धा कोरीवच. या सगळ्यांना लोक सरसकट सेमी-हॉलो म्हणतात आणि मग एकीचा उपाय दुसरीला लावतात.

ओळखायचं कसं? एका एफ होलातून (बॉडीवरच्या 'f' आकाराच्या भोकातून) मोबाइलचा टॉर्च आत मारा. मधल्या बाजूला लाकडाची सलग भिंत दिसली तर ठोकळा आहे. उजेड थेट दुसऱ्या एफ होलातून बाहेर आला तर गिटार पोकळ. काही मॉडेलांत ठोकळा फक्त ब्रिजखाली असतो, तेव्हा भिंत अर्ध्यात संपलेली दिसेल.

नवखा_पण_हट्टी

धाग्याबद्दल आभार. पहिलाच प्रश्न निवडीचा, माफ करा. आयबनेझ एएस७३, एपिफोन ईएस-३३५ आणि ग्रेच स्ट्रीमलायनर सेंटर ब्लॉक या तिघींत अडकलोय. वाजवणं घरीच, फ्लॅटमध्ये. ब्लूज, जुनी हिंदी गाणी, थोडं जॅझ.

तारसप्तक

तिघींतही ठोकळा आहे, त्यामुळे घुमण्याच्या बाबतीत फार फरक नाही. फरक आहे तो पिकअप आणि कंट्रोलमध्ये.

एपिफोनची सध्याची ईएस-३३५ (२०२० पासूनची मालिका) मूळ नकाशाला सगळ्यात धरून आहे : थरांचा मेपल, महोगनी नेक, प्रत्येक पिकअपला स्वतंत्र व्हॉल्यूम-टोन आणि आत सीटीएस कंपनीचे पूर्ण आकाराचे पॉट. हा शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण पुढे दुरुस्तीच्या वेळी कळेल. एएस७३ लिंडेनची, थोडी मऊ सुराची. फिनिशिंग आणि फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं या किमतीत सहसा चांगली असतात. स्ट्रीमलायनरचे ब्रॉडट्रॉन पिकअप हे हंबकरच (हम घालवणारे, दोन वेटोळ्यांचे), पण वरचा सूर ग्रेच वळणाचा. तिचा मास्टर व्हॉल्यूम बारीक तारांच्या बाजूच्या शिंगावर (बॉडीच्या नेकलगतच्या टोकावर) असतो. करंगळीने आवाज कमी-जास्त करायची सवय असलेल्यांना तो लांब पडतो.

तुमच्या वर्णनावरून एपिफोन किंवा आयबनेझ. पण या दर्जात एकाच मॉडेलच्या दोन नगांत जेवढा फरक सापडतो, तेवढा कधीकधी दोन ब्रँडांतही नसतो. हातात घेऊन घ्या.

फ्रेटफाइल

हातात घेतल्यावर काय बघायचं ते सांगतो. ॲम्प लावायच्या आधी.

नेकचा कोन सर्वांत महत्त्वाचा, कारण तो नंतर सुधारत नाही. ब्रिज पार खाली, बॉडीला टेकायला आलेला आणि तरी बाराव्या फ्रेटवर तारा उंच असतील तर ती गिटार तिथेच ठेवा. ब्रिजला अजून खाली जायला ३-४ मिमी जागा उरली पाहिजे.

टेलपीसचे दोन स्टड (आधाराचे खुंट) कडेने बघा. तारांच्या ओढीने ते नेककडे झुकलेले असतील तर भोक सैल आहे किंवा खालचं लाकूड दबलंय.

ब्रिजवरच्या सहा सॅडलपैकी (तार टेकते त्या सरकत्या तुकड्यांपैकी) एखादं अगदी टोकाला जाऊन थांबलं असेल तर ब्रिजची जागाच चुकली आहे, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) कधीच पूर्ण बसणार नाही.

मग ॲम्प. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, हळू. नुसती झणझण नव्हे, सूर मध्येच 'मरतो' का तेही ऐका. शेवटी केबल लावलेली असताना प्लग हलकेच हलवा. करकर आली तर जॅकचा नट सैल आहे किंवा आतली तार निखळायला आली आहे. घासाघीस करायला उत्तम मुद्दा.

नवखा_पण_हट्टी

सेटअप स्वतः करता येतो का? की दुकानातल्या कारागिराकडेच द्यावा?

फ्रेटफाइल

नट घासणं आणि फ्रेट लेव्हल करणं सोडून सगळं घरी होतं. क्रम मात्र पाळा, कारण प्रत्येक पायरी पुढचीचं माप बदलते.

नव्या तारा, ज्या जाडीच्या कायम वाजवणार त्याच. ट्यून करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी म्हणजे सर्वांत जाड तार सतराव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी, यालाच रिलीफ म्हणतात. फीलर गेज मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, टॅपेट सेट करायचा तोच. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, मग परत ट्यून करून मोजायचं. घट्ट करण्याआधी तारा थोड्या ढिल्या करा. रॉड अडतोय असं वाटलं तर जोर लावू नका. गिब्सनला ५/१६ इंची बॉक्स पाना लागतो, बाकीच्यांना एलन की किंवा वेगळ्या मापाचा पाना. आधी कव्हर काढून बघा आणि बरोबर बसणारंच अवजार वापरा, कारण नटाच्या कडा एकदा गोल झाल्या की काम महागात जातं.

मग नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. ती जास्त असेल तर खालच्या कॉर्डला बोटं दुखतात आणि सूर चढे लागतात.

मग ॲक्शन, म्हणजे तारांची उंची : बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत सहाव्या तारेला २ मिमी, पहिलीला १.५ मिमी. इथून सुरुवात करून हाताप्रमाणे कमी करा.

मग इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल टेलपीसकडे, उतरलेला असेल तर नेककडे.

टेलपीस पार खाली कसायची फॅशन आहे, पण तारा ब्रिजच्या मागच्या धातूच्या कडेला टेकत असतील तर टेलपीस वर घ्या. तिथे टेकून तारा तुटतात आणि ब्रिज पुढे कलतो.

ढोलकीवरून_गिटार

तारा किती जाडीच्या? दुकानात सगळे १०-४६ (पहिली आणि सहावी तार, इंचाच्या हजारांशात) देतात, इथे जुन्या धाग्यांत ११ चा आग्रह दिसतो.

तारसप्तक

स्केल आखूड असल्याने १० चा संच फेंडरच्या स्ट्रॅटपेक्षा ढिला लागतो. ११-४९ ला जरा भरीव सूर मिळतो आणि जोरात छेडलं तरी तार कमी लडबडते. पण ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : १० ची ११ केली की पहिल्या तारेचा ताण साधारण २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे रिलीफ, ॲक्शन, इंटोनेशन, सगळं नव्याने. नटाच्या खाचाही अरुंद पडतात. तार ओढताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर उडी मारतो तो तेव्हाच. खाचेत २बी पेन्सिलीचं शिसं भरा. तरी थांबलं नाही तर खाच रुंद करून घ्या.

ओढून बेंड करणारे असाल तर १० वरच राहा.

खर्जातला_सा

+१. जॅझवाल्यांनी ११ किंवा १२ फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या तारा) लावून बघावं. संचात तिसरी तार गुंडाळलेली असेल तर तिचं सॅडल बरंच सरकवावं लागतं.

सोल्डरवाला

आता माझ्या आवडीचा विषय : सेमी-हॉलोच्या पोटातली वायरिंग. गिब्सनच्या भरीव लेस पॉलला मागे झाकण असतं, चार स्क्रू काढले की पॉट समोर. इथे झाकण नाही. पॉट, स्विच, जॅक सगळं एफ होलातून आत गेलेलं असतं आणि तिथूनच बाहेर काढावं लागतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी आणा, आतला व्यास ६ मिमी. शिवाय जाड दोरा, मास्किंग टेप, पुठ्ठा.

पुठ्ठा बॉडीवर ठेवून पॉट, स्विच आणि जॅकच्या जागांची अचूक छिद्रं आखून कापा. हा तुमचा साचा. नवी वायरिंग गिटारबाहेर, याच साच्यात पॉट बसवून सोल्डर करायची, म्हणजे तारांची लांबी बरोबर येते. अंदाजाने कापलेली तार नेमकी आत गेल्यावर दोन सेंटिमीटर आखूड पडते.

तारा उतरवा. ब्रिज सैल पडतो, त्याची दिशा लक्षात ठेवा. नॉब काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, लॅकरवर चंद्रकोर उठते. सुती कापडाची पट्टी नॉबखाली गुंडाळून दोन्ही टोकं सरळ वर ओढा. आता प्रत्येक पॉटच्या दांड्यावर नळीचा फूटभर तुकडा घट्ट बसवा, टेपवर 'नेक व्हॉल्यूम' वगैरे लिहून नळीला चिकटवा, मगच नट सोडा आणि पॉट आत ढकला. नळीचं दुसरं टोक बाहेरच राहतं. सगळे आत गेले की पूर्ण जुडगा एफ होलातून हळूच बाहेर काढा. नळ्या पॉटवरून सोडवून छिद्रांतच राहू द्या. बाहेरची टोकं टेपने बॉडीला चिकटवा.

परत बसवताना उलट : नळी नव्या पॉटच्या दांड्यावर चढवायची आणि बाहेरून ओढायची. एफ होलापासून सर्वांत लांबचा भाग आधी, जवळचा शेवटी. क्रम चुकला की जवळचा पॉट वाट अडवतो. दांडा छिद्रातून बाहेर डोकावला की नळी न सोडता तिच्यावरूनच वॉशर आणि नट खाली सरकवा. नळी आधी काढलीत तर पॉट परत आत पडणार, हमखास.

स्विचला दांडा बारीक असतो, तिथे दोरा बांधा. जॅकसाठी बाहेरचा व्यास ६ मिमीचा असलेली नळी प्लगच्या जागी आत घट्ट सरकवा आणि ओढा.

नवखा_पण_हट्टी

बाप रे. आणि पॉट कुठले आणायचे?

सोल्डरवाला

हंबकरला ५०० के, लॉग टेपर (फिरवताना कानाला आवाज एकसारखा बदलतो असा). पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला '५०० के द्या' म्हटलंत की बहुधा लीनियर हातात पडतो. पॉटवर ए५००के हवं, बी५००के नको. छाप पुसट असेल तर मल्टिमीटर लावा : दांडा बरोबर मध्यावर ठेवून मधल्या आणि कडेच्या टोकातला रोध मोजा, मग मधल्या आणि दुसऱ्या कडेचा. दोन्ही जवळपास सारखे आले तर लीनियर. लॉगमध्ये एक बाजू खूपच कमी येते. लीनियर पॉट व्हॉल्यूमला लावला तर दहापासून तीनपर्यंत काहीच घडल्यासारखं वाटत नाही आणि मग आवाज एकदम कोसळतो.

टोनला ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा पॉलिस्टर कपॅसिटर, वर २२३ असं छापलेलं असतं. शंभर व्होल्टचा पुरेसा. महागड्या 'व्हिंटेज' कपॅसिटरवर पैसे घालवू नका. मायक्रोफॅरॅडचा आकडा तोच असेल तर कानाला फरक कळत नाही, हे माझं ठाम मत.

मापं सांभाळा. अमेरिकन पॉटच्या पेचाच्या भागाला ९.५ मिमीचं छिद्र लागतं, स्वस्त गिटारींत छिद्रं त्याहून लहान असतात. ड्रिल मारू नका, प्लायचा वरचा थर आणि लॅकर दोन्ही उडतात. हाती फिरवायचा रीमर वापरा, बाहेरून आत, भोवती टेप लावून. नॉबच्या दात्यांची संख्याही वेगळी असते : अमेरिकन २४, मेट्रिक १८. जुने नॉब नव्या दांड्यावर ठोकून बसवले की तडकतात. आणि मुख्य म्हणजे पॉटचा डबा, साधारण २४ मिमी व्यासाचा, तुमच्या एफ होलातून आडवा जातो का ते खरेदीआधी मोजा. नाही गेला तर लहान १६ मिमीवाले घ्या, आवाजात काही बिघडत नाही.

रागेश्री

वायरिंग काढलीच आहे तर टोनची जोडणी पन्नाशीच्या दशकातल्या पद्धतीने करा. टोन पॉट व्हॉल्यूमच्या इनपुट टोकाऐवजी मधल्या, म्हणजे आउटपुट टोकाला जोडायचा. एवढाच बदल. व्हॉल्यूम सहा-सातवर आणला तरी सूर घोंगडीखाली गेल्यासारखा वाटत नाही. मोबदल्यात व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांवर थोडा जास्त परिणाम करतात.

मधल्या स्थितीबद्दल नेहमी विचारलं जातं : दोन्ही पिकअप चालू असताना एकाचा व्हॉल्यूम शून्य केला की सगळंच बंद होतं. हा बिघाड नाही, जोडणीच तशी आहे. खरी मजाही तिथेच आहे. नेक सात, ब्रिज दहा ठेवून बघा, मग उलटं करून बघा. या दोन नॉबांच्या मधल्या जागेत जेवढे सूर मिळतात तेवढे नवा पिकअप घालूनही मिळणार नाहीत. जॅझसाठी नेक पिकअप, टोन चार-पाच. शून्यावर नको, चिखल होतो.

ढोलकीवरून_गिटार

माझा प्रश्न घुमण्याचा. ठोकळा असून ओव्हरड्राइव्हला (आवाज मुद्दाम फाटवल्यावर) गिटार किंचाळते. एफ होलात फोम कोंबू का?

तारसप्तक

आधी ठरवा की कोण ओरडतंय. सगळ्या तारा तळव्याने पूर्ण दाबा.

आवाज थांबला तर तारा आणि बॉडी मिळून घुमतायत. बहुधा खालचा, हुंकारासारखा सूर असतो आणि ठरावीक एक-दोन सुरांवरच उठतो, कारण पंखांची पोकळी त्या कंपनाला साथ देते. उपाय : ॲम्पकडे थेट तोंड करू नका, तिरके उभे राहा. ॲम्प जमिनीवरून उचला. त्याचा बास कमी करा, गेनही (आवाज फाटवणारा नॉब). सेमी-हॉलोला सॉलिड बॉडीपेक्षा कमी गेन पुरतो, ऐकून बघा.

तारा दाबूनही बारीक, कर्कश शिट्टी चालूच राहिली तर तो पिकअप मायक्रोफोनिक आहे. म्हणजे आतली वेटोळी किंवा धातूचं कव्हर सुटं थरथरतंय. तिथे फोमचा काडीचा उपयोग नाही. पिकअप मेणात बुडवावा लागतो : चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशांचं मेण, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, तापमान ६०-६५ अंशांच्या आसपास. त्यावर गेलं तर बॉबिनचं प्लॅस्टिक वाकतं. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं. थेट आचेवर मेण कधीही ठेवू नका, पेटतं.

सोल्डरवाला

जुन्या वळणाचे पिकअप मुद्दामच बिनमेणाचे विकतात हे लक्षात घ्या. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी बनवलेल्या मूळ हंबकरमध्येही मेण नव्हतं. थोडी मायक्रोफोनिकता हा त्यांच्या सुराचा भाग. मोठ्या आवाजात वाजवणार नसाल तर हात लावू नका.

मंद्र_मारवा

फोमबाबत असहमत नाही, पण पुरवणी जोडतो. कॅसिनोसारख्या पूर्ण पोकळ गिटारीत फोम खरंच कामी येतो. एफ होलाच्या आकारापेक्षा २-३ मिमी मोठा काळा फोम कापून कडेत अडकवायचा, गोंद नको. पण आपल्याकडच्या दमट हवेत साधा फोम दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होऊन चुरगळतो आणि तो चिखल पॉटवर जाऊन बसतो. कार्यक्रम संपला की काढून ठेवा.

कोकणकडा

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत किनारपट्टीवर ती नव्वदीला टेकते. प्लायची बॉडी सॉलिड टॉपसारखी तडकत नाही, ही सेमी-हॉलोची जमेची बाजू. हलते ती नेक. कुठल्या दिशेने हलेल हे लाकडाच्या कापावर आणि फिंगरबोर्डवर अवलंबून असतं, त्यामुळे 'पावसाळ्यात रॉड घट्ट करा' असा सरसकट सल्ला मानू नका. मोजा, मग फिरवा. आणि पाऊस सरल्यावर परत मोजा.

केसमध्ये १५०-२०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल, कापडी पिशवीत. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, परत तयार. दहा रुपयांची पुडी बुटाच्या खोक्यातली वापरून काही होत नाही. छोटा डिजिटल आर्द्रतामापक केसमध्येच ठेवा. एफ होल असल्याने दमट हवा थेट पोटात जाते : सोल्डरचे सांधे, जॅकची पाती, स्विचचे संपर्क काळे पडतात. जॅक आणि स्विचला वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे. पॉटसाठी स्नेहक असलेला क्लीनर घ्या, कोरडा नको. रोज वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालूनही पुसा.

रागेश्री

फिंगरबोर्डला लिंबाचं तेल लावायचं का? माझ्या एपिफोनवर शिसव नाही, लॉरेल आहे म्हणे.

कोकणकडा

इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जातींवर साइटीस या आंतरराष्ट्रीय (दुर्मीळ जीवजातींच्या व्यापाराच्या) कराराचं बंधन आलं, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी पर्यायी लाकूड धरलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्वस्त मालिकांत लॉरेल राहून गेला. ऐनाची छिद्रं शिसवापेक्षा मोठी, तेल पटकन शोषतो आणि गडद होतो. चार-पाच थेंब, दहा मिनिटांनी पूर्ण पुसून काढा, वर्षातून दोनदा बास. पावसाळ्यात नकोच. लॅकर लावलेल्या मेपल फिंगरबोर्डला तेल अजिबात नाही.

ढोलकीवरून_गिटार

घरी वाजवताना 'झूंऽऽ' येतं, तारांना हात लावला की कमी होतं. हंबकर असून असं का?

सोल्डरवाला

हंबकर चुंबकीय हम मारतो. वायरिंगमध्ये शिरणारी विद्युत भिनभिन तो मारत नाही. हात लावल्यावर कमी होत असेल तर तारांची ग्राउंड जोडणी शाबूत आहे आणि तुमचं शरीर भिनभिन पकडून आणत होतं, एवढाच अर्थ. सेमी-हॉलोला पोटात तांब्याची पट्टी चिकटवता येत नाही, म्हणून आतली जोडणी शील्ड असलेल्या तारेनेच करा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे बंद करून बघा, निम्मं तिथेच जाईल.

हात लावल्यावर आवाज वाढत असेल, किंवा मुंग्या येत असतील, तर वाजवणं बंद. टेलपीसच्या स्टडकडे जाणारी ग्राउंड तार तुटलेली असू शकते, किंवा घराच्या सॉकेटला अर्थिंगच नसतं. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून किंवा दोन पिनी ॲडॉप्टर लावून आवाज घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इलेक्ट्रिशियन बोलवा. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट यायला हवेत.

नवखा_पण_हट्टी

बिग्सबी (दांड्याने सूर हलवता येणारा टेलपीस) लावलेली घ्यावी का? दिसते भारी.

फ्रेटफाइल

दिसते भारी, तार बदलताना घाम काढते. बॉल एंड दांड्यावरच्या खिळ्यात अडकवायचा असतो आणि ताण येईपर्यंत तो निसटतो. तारेचं टोक आधी पेन्सिलीभोवती गुंडाळून गोल वळण द्या, खिळ्यात अडकवा, मागे स्पंजचा तुकडा खुपसून ठेवा, मग ट्यून करा. ट्यूनिंग सुटतं ते बिग्सबीमुळे कमी आणि नट व ब्रिजवर तार अडकल्यामुळे जास्त. रोलर ब्रिज आणि नीट कापलेला नट असेल तर हलका थरथराट सांभाळते. डाइव्ह बॉम्ब (सूर एकदम खोल बुडवणं) तिचं काम नाही. पहिली गिटार असेल तर स्टॉप (न हलणारा) टेलपीस घ्या.

मंद्र_मारवा

एक राहिलं : खुळखुळ. ॲम्पमध्ये न येणारी पण कानाला त्रास देणारी. जुन्या एबीआर-१ पद्धतीच्या ब्रिजवर सॅडल धरून ठेवणारी बारीक तार असते, पहिला संशय तिच्यावर. मग पिकगार्डचा कंस, पिकअप रिंगखालच्या स्प्रिंगा, ट्यूनरचे नट, ट्रस रॉडचं कव्हर. खुळखुळणारा सूर वाजवत ठेवा आणि दुसऱ्या कोणाला एकेका भागावर बोट ठेवायला सांगा. ब्रिजची तार असेल तर मधोमध किंचित वाकवली की गप्प बसते.

नवखा_पण_हट्टी

सगळ्यांचे आभार, एपिफोन बघायला जातोय. अकूस्टिकची गिगबॅग आहे, ती चालेल ना?

फ्रेटफाइल

नाही. ड्रेडनॉटची बॅग दुप्पट खोल असते, गिटार आत आदळत राहते. लेस पॉलच्या केसमध्ये १६ इंची बॉडी शिरणारच नाही. ३३५ आकाराचीच घ्या, शक्यतो कडक केस, आणि नेकचा आधार हेडस्टॉकच्या अलीकडे येतो का ते बघा. महोगनी नेक आणि मागे कललेला हेडस्टॉक : गिटार पाठीवर पडली की नटाच्या मागेच मोडते. स्टँडही बघून घ्या. गिब्सनसारख्या नायट्रो लॅकरला स्टँडचं रबर डाग पाडतं, त्यावर सुती कापड गुंडाळा. तुमच्या एपिफोनला पॉली फिनिश असतं, तिला चिंता नाही.

दुकानात जाताना फीलर गेज आणि छोटी पट्टी खिशात ठेवा.